जाहिरातीत परिसराचीही खरी माहिती द्या

संपादक महोदय,

घर विकायच्या जाहिरातीत टाइल्स, किचन, मॉड्युलर कपाटं यांचे फोटो भरपूर असतात पण घर नक्की कुठे आहे नि आजूबाजूला काय आहे हे मात्र 'मोक्याचं ठिकाण' एवढ्यावर उरकतात, हे मला अजिबात पटत नाही. टाइल्स उद्या बदलता येतील, खिडकीखालचा हायवे कसा हलवणार? 'स्टेशन ५ मिनिटांवर' म्हणजे चालत की गाडीने, हे लिहायला काय जातं? आणि भाग सखल असेल, जोराच्या पावसात पाणी भरत असेल तर ते सांगायलाच हवं, कारण विम्याचा हप्ता, बँकेचं व्हॅल्युएशन, पुढे विकताना मिळणारा भाव या सगळ्यावर त्याचा परिणाम होतो.

घेणाऱ्यांनीही सुट्टीच्या दिवशी निवांत दुपारी एकदा बघून लगेच टोकन देऊ नये, ऑफिस सुटायच्या वेळी आणि रात्री परत चक्कर मारावी, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर काय येणारे ते विकास आराखड्यात बघावं, नाहीतर आजच्या हवेशीर गॅलरीसमोर उद्या भिंत उभी राहते. विकणाऱ्यांनो, शाळा, दवाखाना जवळ असेल ते सांगाच पण कचरा डेपोचा वास येत असेल तर तेही लपवू नका, घर बघायला आलं की कळतंच आणि मग ठरत आलेला व्यवहार तिथेच मोडतो.

- एक वाचक