पायवाटांना खुणा हव्यात

महोदय,
खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या जुन्या पायवाटांवर हल्ली बेळगाव, गोव्याहून बरेच ट्रेकर येतात. चांगलंच आहे. पण परवा कणकुंबीच्या वर आम्ही पाऊण तास भरकटलो. झाडावरचा चुन्याचा बाण धुऊन गेलेला, फाट्यावर नुसता चिखल अन् गव्यांचे खूर. शेवटी सरपणाची मोळी घेतलेल्या मावशी म्हणाल्या, "ओहोळ धरून खाली जावा!" मलप्रभेच्या उगमाचा हा मुलूख, इथल्या पावसात रंग टिकणार कसा? दगडात कोरलेल्या खुणा हव्यात, मराठी-कन्नड दोन्हींत. जवळचं भीमगडचं जंगल २०११ पासून अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय घुसू नये. वाटाडे मात्र गावातलेच घ्यावेत, पोरांना चार पैसे मिळतील.

– एक वाचक, खानापूर