गीझर किती लिटरचा घ्यावा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरासाठी गीझर घेताना ‘माणसे किती?’ एवढे विचारून माप ठरवले जाते आणि ग्राहकही ‘मोठा असलेला बरा’ म्हणून मान डोलावतो. वास्तविक आंघोळी एकापाठोपाठ होतात की अंतराने, बादलीने होतात की शॉवरने, यावर ते ठरायला हवे. २० अंशांचे १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते, म्हणजे २ किलोवॅटच्या गीझरला साधारण २१ मिनिटे. त्यात तितकेच गार पाणी मिसळले की ४० अंशांचे ३० लिटर पाणी मिळते, जे दोन मध्यम बादल्यांना पुरते. शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडत असेल, तर मात्र तेच पाणी चार मिनिटेही टिकत नाही. शिवाय पाणी वापरताना टाकीत खालून गार पाणी शिरतच असते, त्यामुळे हिशेब थोडा हात राखूनच करावा.

तात्काळ पाणी तापवणाऱ्या ३ किलोवॅटच्या छोट्या गीझरमध्ये मिनिटाला २ लिटरची धार सोडली, तर पाणी सुमारे २१ अंशांनी तापते. धार दुप्पट केली की ही वाढ निम्म्यावर येते. (भांड्यांसाठी उत्तम, आंघोळीला मात्र धीर हवा.)

गरजेपेक्षा मोठ्या टाकीत न वापरलेले पाणी निवत राहते आणि चालू ठेवलेला गीझर ते पुन्हा पुन्हा तापवतो, त्याचे बिल ग्राहकच भरतो. उत्पादकांनी खोक्यावर लिटरइतक्याच ठळक अक्षरांत पाणी तापण्याचा वेळही छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक