प्रत्येक ‘इन्स्पिरेशन’ म्हणजे प्रेरणा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनुवादित बातम्या आणि मुलाखतींमध्ये एक गोष्ट सतत खटकते. मूळ मजकुरात ‘इन्स्पिरेशन’ दिसले की मराठीत हमखास ‘प्रेरणा’ लिहिले जाते. खेळाडूचा आदर्श असो, कवीला सुचलेली ओळ असो की रुग्णाने आत घेतलेला श्वास, सगळ्यांना एकच शब्द. मराठीत या प्रत्येकासाठी रुळलेली वेगळी सोय आहे. ती डावलली की वाक्याचा अर्थ बदलतो, म्हणून हे पत्र.

इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ आहे ‘आत फुंकणे’. ईश्वराने माणसाच्या अंतरात आपले शब्द फुंकले, ही धार्मिक कल्पना त्यातूनच आली. कलावंताला काही सुचणे हा अर्थ इंग्रजीत त्यानंतर रुजला आणि वैद्यकाने श्वासाचा अर्थ जपून ठेवला. आपली ‘प्रेरणा’ आली ती ‘प्र’ उपसर्ग लागलेल्या ‘ईर्’ धातूपासून. ईर् म्हणजे हलणे, हलवणे. वाऱ्याला ‘समीर’ म्हणतात तोही याच धातूमुळे. प्रेरणेत अशी चालना आहे. कोणी तरी किंवा काही तरी ती देते आणि ज्याला मिळते तो कामाला लागतो. चालना देणारे आणि पुढची कृती, या दोन्हींचा वाक्यात मागमूस नसेल तर ‘प्रेरणा’ हा शब्द तिथे बहुधा चुकलेला असतो.

‘स्फूर्ती’ची गोष्ट वेगळी. स्फुर् म्हणजे थरथरणे, चमकून उठणे. बाहू स्फुरतात, ओळ स्फुरते. इथे बाहेरचा देणारा असायलाच हवा असे नाही. एखाद्या घटनेने कवीला लिहायची प्रेरणा दिली, पण ध्रुवपद मात्र त्याला चालता चालता स्फुरले, असे एकाच वाक्यात म्हणता येते आणि दोन्ही शब्द आपापले काम चोख करतात.

त्याहून साधे आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरले जाणारे क्रियापद म्हणजे ‘सुचणे’. ‘या चित्रामागची तुमची प्रेरणा काय?’ यापेक्षा ‘हे चित्र कसे सुचले?’ हा प्रश्न अधिक नेमका आहे, आणि उत्तरही अधिक नेमके मिळते. शिवाय ‘मी सुचलो’ असे आपण म्हणत नाही. ‘मला सुचले’ म्हणतो. ज्याच्या मनात कल्पना येते त्याला ‘ला’ प्रत्यय लागतो, तो त्या क्रियेचा कर्ता होत नाही. आपल्याला ठरवून सुचत नाही, ही गोष्ट मराठीने व्याकरणातच नोंदवून ठेवली आहे. तुकोबांनी तर याच्याही पुढे जाऊन प्रयोजक क्रियापद वापरले. आपण पामर काय बोलणार, विश्वंभराने ‘बोलविले’, असे ते सांगतात. ईश्वरी प्रेरणेची सबंध कल्पना त्या एका क्रियापदात मावते, वेगळे नाम लागतच नाही. अनुवादकाने नामामागे धावण्याआधी मराठीत क्रियापद आहे का, हे पाहावे.

मानसशास्त्रातही ही तफावत मांडलेली आहे. थ्रॅश आणि इलियट या संशोधकांनी २००३ मध्ये ‘इन्स्पिरेशन’ची तीन लक्षणे दिली: ती ठरवून आणता येत नाही तर कशाने तरी जागी होते; नेहमीच्यापेक्षा मोठे काही दिसते; आणि ते प्रत्यक्षात आणावेसे वाटते. कशाने भारावलो आणि काय करायला निघालो, या दोन बाजू त्यांनी वेगळ्या धरल्या. मराठीत इथेच घोटाळा होतो, कारण आपण दोन्हीकडे षष्ठी, म्हणजे ‘चा-ची-चे’, लावतो. ‘आईची प्रेरणा’ या मथळ्यात आईने दिली की आईला मिळाली? ‘लेखनाची प्रेरणा’ म्हणजे लिहावेसे वाटणे की त्या लेखनाने दुसऱ्याला मिळालेली चालना? उपाय सोपा आहे. स्रोत सांगायचा तर ‘आईकडून’ किंवा ‘आईमुळे’, कृती सांगायची तर ‘लिहिण्याची’. मथळ्यात दोन-तीन अक्षरे वाढतील, ती वाढू द्यावीत.

बाकीचे अर्थ थोडक्यात. श्वसनाविषयीच्या मजकुरात ‘अंतःश्वसन’ किंवा सरळ ‘श्वास आत घेणे’ लिहावे. श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, छातीची पोकळी वाढते आणि शांत श्वासात प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सुमारे ५०० मिलिलिटर हवा येते. यात प्रेरणेचा संबंध नाही. धर्मग्रंथाबद्दल ‘ईश्वरप्रेरित’ योग्यच आहे. एखादी कारवाई सूडबुद्धीने झाल्याचा आरोप असेल तर ‘राजकीय हेतूने’ म्हणावे. ‘राजकीय प्रेरणेने’ म्हटले की आरोपाचा गौरव होतो. उद्योगांना मिळते ती सवलत किंवा प्रोत्साहन, प्रेरणा नव्हे. चित्रपटाबाबत मात्र विशेष काळजी हवी. ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हटले की घटनाक्रम आणि माणसे बऱ्याच अंशी खरी असल्याचे आश्वासन जाते. ‘प्रेरित’ म्हटले की फक्त बीज तिथले, बाकी कल्पित. निर्मात्यांनी यातला जो शब्द वापरला असेल तोच बातमीत यावा.

मुद्रितशोधकांसाठी एक नोंद. ‘स्फुरण’मधला उकार ऱ्हस्व, पण ‘स्फूर्ती’ आणि ‘उत्स्फूर्त’मधला दीर्घ. धातूच्या शेवटच्या ‘र्’पुढे व्यंजन आले की आधीचा उकार दीर्घ होतो, मूर्ती, पूर्ती यांतही तेच घडते. मात्र ‘स्फूर्ती’ समासात पहिली आली की तिच्या अखेरची वेलांटी ऱ्हस्व होते. म्हणून स्फूर्तिस्थान, स्फूर्तिदायक.

आपला,
अनुवादक्षेत्रात काम करणारा एक वाचक