आई, ती डब्यांची वही जपून ठेव

नाशिक, ४ जुलै

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आईच्या अपघाताच्या भरपाईचा विषय काढला की बाबा "जाऊ दे गं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई नाशकात पाऊस पडला का विचारते. म्हणून लिहायला बसले. दोघांनी एकत्र बसून वाचा.

आधी त्या कागदाचं. आईला धडकलेल्या स्कूटरच्या मालकाचा माणूस पंधरा हजारांचं पाकीट घेऊन पुन्हा आला तर पाणी विचारा, बसवा, पण सही करू नका. "आमची काहीही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही" हे तुम्हीच मला वाचून दाखवलंत, बाबा. आईच्या मनगटात प्लेट बसवण्याच्या ऑपरेशनचाच खर्च त्याच्या कितीतरी पुढे गेला. विमा कंपनीकडून तडजोडीचा कागद आला तरी आधी मला फोटो पाठवा. ती रक्कम एकदा स्वीकारली की दावा तिथेच संपतो.

मे महिन्यात आले होते तेव्हा एक बघितलं, ते तेव्हा बोलले नाही. आई पहाटे उठून कणीक मळत होती. परात घसरू नये म्हणून उजव्या कोपराने दाबून धरली होती आणि डाव्या हाताच्या मुठीने मळत होती. लाटणं उजव्या हातात धरलं, पण मनगट वळेना, म्हणून नुसत्या तळव्याने पुढे ढकलत होती. तिसऱ्या पोळीला तिने लाटणं खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं. मी जागी आहे हे तिला माहीत नव्हतं. अपघाताच्या दिवसापर्यंत, सतरा फेब्रुवारीपर्यंत, याच हातांनी तू आठ डबे भरत होतीस, आई.

आणि तू म्हणतेस, "मी कुठे कमावती आहे, माझी कसली भरपाई?"

फळीवर चहाच्या डब्यामागे तुझी वही आहे. हळदीच्या बोटांचे डाग पडलेली, प्रत्येक घराचं एक पान, खाडे गोल करून दाखवलेले. मी ती सगळी चाळली. वाणसामान आणि गॅस वजा जाता महिन्याला नऊ हजारांच्या आसपास तुझ्या हातात राहत होते. फेब्रुवारीच्या सतरा तारखेनंतर पानं कोरी आहेत. ती कोरी पानंही पुरावाच आहेत. वही रद्दीत जाऊ देऊ नकोस, तिच्यात आता नवीन काही लिहूही नकोस. डबे घेणाऱ्यांपैकी दोघी-तिघी साक्ष द्यायला तयार होतील का, तेवढं विचारून ठेव.

डब्यांखेरीज घरकामाचंही मोल धरतात. जानेवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या एका अपघाताच्या खटल्यात घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला पैशात किंमत दिलीच पाहिजे असं म्हटलं. त्या निकालात २०१९ च्या सरकारी पाहणीचा आकडा आहे: बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. वाचताना मला तूच दिसत होतीस.

बाबा, आता तुमच्याशी. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे तुम्ही नुसतं म्हण म्हणून म्हणत नाही, मला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तुमचं गिरणीतलं खातं पुन्हा कधी चालू झालं नाही. मग घराचा अर्ज, म्हाडाच्या सोडतीच्या याद्या, दर वेळी चष्मा पुसून नाव शोधणं. मागून पदरात काही पडत नाही हे तुम्ही सोसून शिकलात. पण इथे पैसे कोणी द्यायचे ते ठरलेलं आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा, सक्तीचा असतो, तो अशा अपघातांसाठीच. पोलिसांच्या कागदांत मी बघितलं, त्या स्कूटरचा विमा आणि ती चालवणाऱ्या मुलाचं लायसन्स दोन्ही चालू होतं. तो भारतमाता सिनेमाच्या सिग्नलपाशी उलट्या दिशेने आला हेही पंचनाम्यात आहे. आई, "पोरगा गरीब आहे, त्याच्या घरी आई-बाप असतील" म्हणून तू रडलीस. दाव्यात त्याचं नाव येईल, त्याला नोटीसही जाईल, पण भरपाई विमा कंपनीने भरायची असते.

हिशोबाची रीत सांगते. वर्षाची कमाई घ्यायची, हातामुळे त्यातला किती भाग बुडाला ते ठरवायचं आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. ६१ ते ६५ वयाला तो आकडा ७ आहे, सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या निकालातल्या तक्त्यानुसार. समजा डबे आणि घरकाम मिळून महिना पंधरा हजार धरले आणि नुकसान चाळीस टक्के मानलं, तर वर्षाचे बहात्तर हजार, गुणिले सात, म्हणजे पाच लाख चार हजार. औषधोपचार, जाण्या-येण्याचा खर्च, सोसलेल्या वेदना हे वेगळं. हा माझा घरचा हिशोब आहे, अपघाताचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण कमी-जास्त करील. सरकारी हॉस्पिटलच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्के थोडे आले तरी खचू नका. २०११ च्या एका निकालात कोर्टाने म्हटलंय की हात किती टक्के अधू झाला यापेक्षा त्या माणसाचं काम किती बुडालं ते बघायचं. डावा हात गेला तर सुताराचं सगळं काम जातं, कारकुनाचं तेवढं जात नाही. तुझं तर सगळं कामच मनगटावर आहे, आई.

वेळ लागेल. दोन वर्षं, कदाचित जास्त. ते मी लपवत नाही. पण अर्ज आत्ताच करायला हवा. एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे आपली १७ ऑगस्टला संपते. त्या मुदतीवरून सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

हॉस्पिटलच्या दारात भेटला तो एजंट, "तीस टक्के द्या, सगळं मी बघतो" म्हणणारा, त्याचा फोन उचलू नका. मिळालेल्या भरपाईत वाटा मागायला वकिलालाही मनाई आहे, एजंटाचं तर सोडाच. बाईला मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तसं लिहिलंय. आपण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊ.

मी शनिवारी सकाळी येते. डिस्चार्ज कार्ड, सगळे एक्स-रे, औषधांच्या पावत्या आणि टॅक्सीच्या चिठ्ठ्या त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकत्र ठेवा. एफआयआरची प्रत माझ्याकडे आहे. आई, अर्जावर तुझी सही लागेल. उजव्या हाताने जमेल तशी कर, वाकडी आली तरी चालेल. बाबा, तुम्ही सोबत चला, तुम्ही शेजारी असलात की आई नीट बोलते.

शनिवारी पोळ्या मी करीन.

तुमची लेक