धुळीची गाणी ऐकवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार चारचौघांत मानायचे ठरवले आहे, कारण घरी येऊन मानले की तुम्ही ‘बरं बरं, चहा घे’ म्हणून विषय बदलता. हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. तरी वाचा.

आमच्या पथनाट्यासाठी एक गाणं हवं होतं. मराठवाड्यातून पाण्यापायी गाव सोडून आलेली आणि सकाळी वारज्याच्या मजूर अड्ड्यावर कामाची वाट बघत उभी राहणारी माणसं, हा विषय. दुष्काळात घरदार सोडलेल्यांची अमेरिकन गाणी तुमच्याकडे आहेत असं कळलं, म्हणून सदाशिव पेठेतले ते अंधारे जिने चढून आले. ओळख ना पाळख, तरी तुम्ही दार उघडलंत आणि आधी हात धुऊन यायला सांगितलंत. मग मलमलच्या फडक्यानं रेकॉर्ड पुसलीत, सुई टेकवलीत, आणि वुडी गथ्री या अमेरिकन लोकगायकाचा तो सानुनासिक, काहीसा कंटाळल्यासारखा आवाज खोलीत आला.

‘डस्ट बोल बॅलड्स’. १९४० साली व्हिक्टर कंपनीनं तीन-तीन तबकड्यांच्या दोन संचांत काढलेली गाणी. तुमच्याकडची प्रत १९६४ ची, पहिल्या वेळी जागेअभावी राहून गेलेली दोन गाणी घातलेली. टेक्सास-ओक्लाहोमाकडची गवताळ जमीन गव्हासाठी नांगरून काढली, वर दुष्काळ पडला आणि मातीच उडाली. १४ एप्रिल १९३५ ला टेक्सासातल्या पॅम्पा गावावर धुळीची काळी भिंत चालून आली, तेव्हा गथ्री तिथंच राहत होता. जगबुडीच आली असं लोकांना वाटलं. त्याच्या गाण्यातल्या पाद्र्याला मात्र अंधारात धर्मग्रंथातलं एक अक्षर दिसत नाही, म्हणून तो चष्म्याची घडी घालतो, वर्गणी गोळा करतो आणि सगळ्यांचा निरोप घेतो!

इथं मी हसले, आणि तुम्ही सुई उचलून म्हणालात, “हसलीस ना? आता हा माणूस काहीही सांगेल ते तू ऐकशील.” प्रतिकाराचं गाणं म्हणजे मूठ आवळून, शिरा ताणून म्हणायचं असं आमच्या टोळक्यात सगळे धरून चालतात. तुम्ही मला ते बटाट्याच्या रश्श्याचं बोलगाणं तीनदा ऐकवलंत. रस्सा इतका पातळ की त्यातून मासिक वाचता यावं. आणखी थोडा पातळ असता तर एखाद्या पुढाऱ्यालाही त्यातून पलीकडचं दिसलं असतं. घोषणा एकही नाही, पण पुढारी कायमचा त्या ताटात सापडला.

चालींबद्दल तुम्ही सांगितलंत ते तर मी कुठल्याच शिबिरात ऐकलं नव्हतं. हे जग माझं घर नव्हे, माझं घर स्वर्गात, अशा अर्थाचं एक भजन तिकडच्या चर्चमध्ये म्हणत. गथ्रीनं तेच उचललं आणि म्हटलं, खरंच मला घर नाही, श्रीमंतानं ते घेतलं, आणि जाईन तिथं पोलीस पिच्छा पुरवतात. पोलिसांची गोष्टही कल्पनेतली नव्हे. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखानं राज्याच्या सीमेवर माणसं उभी करून खिशात पैसे नसलेल्यांना परत धाडलं होतं, त्यावरही त्या संचात एक गाणं आहे. मी ‘भारीच युक्ती’ म्हणाले, तर तुम्ही जवळजवळ रागावलात. युक्ती कसली, आपल्या गंज पेठेतल्या जोतिरावांनी अभंगाच्या घाटात ‘अखंड’ लिहिले ते काय होतं? आणि अण्णाभाऊंनी ‘माझी मैना’मध्ये विरहाच्या लावणीतून संयुक्त महाराष्ट्राची मागणी मांडली ते?

पुढे काय झालं तेही तुम्ही भराभर सांगितलंत. वीस वर्षांचा असेल-नसेल असा गायक बॉब डिलन १९६१ मध्ये आजारी गथ्रीला भेटायला इस्पितळात गेला. दोन वर्षांत त्याचं ‘ब्लोइन इन द विंड’ हे एकामागून एक प्रश्न विचारणारं गाणं आलं, तेही गुलामांच्या जुन्या गाण्याच्या सुरावटीवरून. ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकानं तर १९९५ मध्ये टॉम जोडला, म्हणजे स्टाइनबेकच्या कादंबरीतल्या आणि गथ्रीच्याही गाण्यातल्या त्या घर सुटलेल्या माणसाला, आपल्या गाण्यात पुन्हा उभं केलं. काका, तुम्हाला पटणार नाही, पण मला डिलनच्या त्या प्रश्नांपेक्षा गथ्रीचा रस्सा जास्त आवडतो. प्रश्न कुणालाही विचारता येतात. रस्सा खाल्लेला असावा लागतो.

मग मी माझं गाणं वाचून दाखवलं आणि तुम्ही एवढंच विचारलंत, “ही चाल अड्ड्यावरच्या बायकांना येते का?” त्यांना येते ती ओवी. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या आधी ऐक, असं म्हणून तुम्ही मला वाटेला लावलंत. त्या ऐकून हे लिहिलं:

तिसरी माझी ओवी गं, टँकरच्या चाकाला
गाव गेलं अड्ड्यावर, हंडा राहिला नाक्याला

आम्ही हे म्हटल्यावर बांधकामावर जाणारी एक मावशी डोक्यावरचं घमेलं खाली ठेवून पुढे आली. “असं नाही, असं,” म्हणत तिनं चाल नीट केली आणि स्वतःची ओवी घातली:

मुकादमाच्या वहीत गं, आठवड्याला रविवार तीन
मजुरी मागता बाई, म्हणे उद्या नक्की देईन

अड्डा खो-खो हसला. तिथंच उभा असलेला एक मुकादमही हसला, मग गप्प झाला. आता दर वेळी कुणीतरी नवी ओवी जोडतं. माझ्या ओळी त्यात फार थोड्या उरल्या आहेत, आणि ज्या उरल्या आहेत त्यांत सगळ्यांत जास्त टाळ्या घेणारी एकही नाही.

तुम्ही माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, खाऊ आणला तर रागावलात, पथनाट्याच्या पत्रकावर नाव घालू दिलं नाहीत. म्हणून इथंही ते घातलेलं नाही. मावशीला मात्र तुमच्याबद्दल सांगितलं आहे. तिला तो पातळ रस्सा फार आवडला. म्हणाली, त्या माणसाला म्हणावं एकदा आमच्या मुकादमाकडं कामाला ये. गथ्री काही येऊ शकत नाही, तेव्हा तुम्ही या. रविवारी सकाळी आठला रिक्षा घेऊन खाली उभी राहते.

तुमची,
पथनाट्यवाली