बाबा, शास्त्रातली खूण चौथ्या अध्यायावरच राहू द्या

१४ जून, पुणे

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र मोठ्या अक्षरात प्रिंट काढून पाठवतेय, म्हणजे आई, तुला वाचताना त्रास होणार नाही. बाबांना सावकाश वाचून दाखव. मधे एक गोष्ट अशी आहे की ती वाचताना तुझा आवाज बसेल, पण ती गाळू नकोस, थांब, पाणी पी आणि मग पुढे वाच.

मागच्या रविवारी घरी आले होते तेव्हा तुम्ही दोघं उपासनेहून यायच्या आधी मी बाबांचं शास्त्र, त्यांचं जुनं बायबल, उघडलं. खूण म्हणून तीच पट्टी, जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्याची, कडा पार मऊ झालेली. उघडलं तर पहिला इतिहास, वंशावळींचं ते पुस्तक, चौथा अध्याय. शेजारी भिंग. आणि बाबा, पानाच्या समासात पेन्सिलीची तारीख होती, तुम्ही प्रत्येक अध्यायाला घालता तशी, तिसऱ्या अध्यायापुढे फेब्रुवारीची आणि चौथ्यापुढे काहीच नाही. चार महिने ती खूण तिथेच आहे. मी विचारलं तर तुम्ही एवढंच म्हणालात की मधलं अक्षर दिसत नाही गं, कडेची दिसतात, नाव अर्धंच राहतं. पडद्याचा त्रास आहे, मोतीबिंदू काढला तरी तो जात नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मला माहिती होतं, पण पुठ्ठ्याची पट्टी एका जागी अडकलेली बघितली तेव्हा ते खरं कळलं.

आई तू मला स्वयंपाकघरात म्हणालीस की मी रोज वाचून दाखवते पण त्यांना ती नावंच पाहिजेत, मी म्हणते स्तोत्र घ्या, योहान घ्या, नावांनी काय पोट भरतं का. आणि तू हळूच पान उलटलंस तरी त्यांना कळतं हेही सांगितलंस. आई, तुझं चुकत नाही. दिवसभर गुडघे धरून काम करायचं आणि रात्री नवऱ्याला आदाम, शेथ, अनोश वाचून दाखवायचं, नऊ अध्याय नुसती नावं, सहाव्या अध्यायात तर एक्क्याऐंशी वचनं, कोणालाही जड जाईल. पण बाबा नावं का सोडत नाहीत ते मला वाटतं मी समजू शकते. बत्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत हजेरी घेतली त्यांनी. जो पोरगा महिनाभर आला नाही त्याचंही नाव रोज पुकारायचे, सोबतचे गुरुजी म्हणायचे काय उपयोग, तरी पुकारायचेच, आणि संध्याकाळी सायकल काढून त्याच्या घरी जायचे. मी तुमच्याच वर्गात होते चौथीला, मला आठवतंय.

आता ती गोष्ट. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मला छातीत गाठ लागली होती. तुम्हाला सांगितलं नाही. आत्ता सगळं ठीक आहे, साधी गाठ निघाली, काढून टाकली, त्यानंतर दोनदा तपासणीही झाली, आई रडू नकोस. सुईने तपासणी केली तिचा रिपोर्ट स्पष्ट आला नाही, म्हणून मग बायोप्सी, म्हणजे आधी एक आठवडा वाट बघायची आणि मग परत एक. मी स्वतः लॅबमध्ये काम करते, रोज लोकांचे नमुने माझ्या हातातून जातात, लोक काउंटरवर येऊन विचारतात मॅडम रिपोर्ट आला का, आणि मी परवा या म्हणते. ते परवा केवढं लांब असतं ते मला तेव्हा कळलं.

त्याच वर्षी एक जानेवारीला मी शास्त्राचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, धरलं होतं, रोज एक अध्याय, बाबांच्या पद्धतीने, काही सोडायचं नाही. एक दिवस चुकला नव्हता. त्यामुळे १३ एप्रिलला समोर आला लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय. कातडीवरचे चट्टे, सूज, पांढरे केस, एकोणसाठ वचनं. तुम्हाला आठवतं का, लोडशेडिंगमध्ये मेणबत्तीवर तुम्ही हाच अध्याय वाचत होतात आणि मी भिंतीला टेकून झोपले होते? त्या सकाळी कोणी मला विचारलं असतं तर मी वचनांच्या कॅलेंडरवरचं एखादं भिऊ नकोस मागितलं असतं, आणि मिळालं काय तर चट्ट्यांची तपासणी. मला रागच आला होता देवाचा. पण नियम होता म्हणून वाचला.

आणि वाचता वाचता मी थांबले, कारण त्यात याजक, म्हणजे पुरोहित, बघतो आणि स्पष्ट दिसत नसेल तर लगेच काही बोलत नाही. सात दिवस ठेवतो. परत बघतो. अजून नक्की नसेल तर अजून सात दिवस. बाबा, हे अगदी आमच्या लॅबसारखं आहे. ज्या माणसाचं आयुष्य त्या एका शब्दावर उलटंपालटं होणार त्याच्याबद्दल घाईने बोलू नका, नीट बघा, परत बघा, हे देवाने लिहून ठेवलंय, आणि बरं निघालं तर तू शुद्ध आहेस असं त्याला सांगायचं हेसुद्धा लिहिलंय. मी पण त्याच सात आणि सात दिवसांत होते. स्वयंपाकघरात उभी होते, कणीक मळून ठेवलेली, हात तसेच, आणि मी ते दोन परिच्छेद परत परत वाचले. माझ्याकडेही कोणीतरी असंच नीट बघतंय असं वाटलं. बाकी काही नाही. भीती गेली असं खोटं सांगणार नाही, पण श्वास घेता आला.

तरी त्या अध्यायाचा शेवट कठीण आहे हे मी तुम्हाला लपवणार नाही. ज्याला रोग निघतो त्याने कपडे फाडायचे, अशुद्ध अशुद्ध ओरडायचं, छावणीच्या बाहेर एकटं राहायचं. शेवटी कपड्यांच्या बुरशीचे नियम आणि अध्याय संपला. त्या दिवशी मी शास्त्र मिटलं तेव्हा तो माणूस बाहेरच होता. रात्रभर तो डोक्यात. तुम्हीच सांगितलं होतं नं की हे अध्याय मूळ शास्त्रात नाहीत, तेराव्या शतकात इंग्लंडच्या स्टीफन लँग्टनने पाडले आणि वचनांचे आकडे तर १५५१ मध्ये एका फ्रेंच छापखानेवाल्याने नव्या करारात घातले, म्हणून अध्याय संपला तरी बोट काढू नकोस, पुढच्या अध्यायाची पहिली दोन-चार वचनं बघूनच ऊठ. मी त्या दिवशी ते केलं नाही. दुसऱ्या दिवशी चौदावा उघडला तर तिसऱ्याच वचनात याजक छावणीच्या बाहेर जातो. रोगी आत येत नाही, याजक उठून त्याच्याकडे जातो. आणि मग मला मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आठवला, जिथे प्रभू त्या कुष्ठरोग्याला आधी हात लावतो, मग बरं करतो आणि जाऊन याजकाला दाखव म्हणतो. म्हणजे तो लेवीय चौदाकडेच पाठवतोय त्याला. इतकी वर्षं मार्क ऐकलं पण हे कधी कळलं नव्हतं, कारण लेवीय मी झोपेत ऐकलं होतं.

तर बाबा, तुम्ही जे आयुष्यभर केलंत ते मला त्या आठवड्यात पुरलं. हे सांगायला मी सव्वा वर्ष लावलं, माफ करा.

आता आई, नावांचं. तुला एक दाखवते. मी सहावी-सातवीत असेन, उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री बाबा माझ्याकडून मार्क पंधरावा वाचून घेत होते. कुरेनेकर शिमोन, शेतावरून येत होता, त्याला धरून प्रभूचा वधस्तंभ उचलायला लावला. मार्क तिथे सहज लिहितो की हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. मी वाचत पुढे गेले तर बाबांनी माझं बोट धरलं, तिथेच ठेव म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढायला लावला. तोही नावांचाच अध्याय, फक्त सलाम सांगितलेत, याला सांगा, तिला सांगा. तेराव्या वचनात रूफाला सलाम आणि त्याच्या आईला, आणि पौल म्हणतो ती माझीही आई आहे. तोच रूफ असेल असं पुष्कळ अभ्यासक मानतात. आई, विचार कर, त्या बाईचा नवरा त्या दिवशी संध्याकाळी खांद्याला वळ घेऊन घरी आला असेल, आणि पुढे तिने पौलाला कधीतरी पोटच्या पोरासारखं जेवू घातलं असेल. तिचं नावसुद्धा दिलेलं नाही. जिथे तू पान उलटतेस तिथे अशी माणसं बसलेली आहेत.

पहिल्या इतिहासातही आहेत. चौथ्याच अध्यायात याबेस आहे, ज्याच्या आईला बाळंतपणात फार वेदना झाल्या म्हणून तिने तसं नाव ठेवलं, आणि त्याने देवाकडे मागितलं आणि देवाने दिलं, दोन वचनांत सगळं. त्याच अध्यायात तलम कापड विणणारी घराणी आहेत, राजाच्या कामावरचे कुंभार आहेत. सातव्यात एफ्राइमाची मुलगी शेरा, जिने गावं बांधली, बापांच्या आणि मुलांच्या त्या सगळ्या यादीत एका मुलीने गावं वसवली हे लिहायला लेखक थांबला. नवव्यात देवळाचे द्वारपाळ, दोनशे बारा, रोज सकाळी दार उघडायचं काम त्यांचं, आणि भाकरी भाजणाऱ्याचंसुद्धा नाव आहे. हे ज्यांच्यासाठी लिहिलं ती बाबेलच्या बंदिवासातून परत आलेली यहूदी माणसं होती, घरदार मोडलेलं, शेतं दुसऱ्यांच्या ताब्यात, त्यांना आपण कोण हे परत लिहून काढायचं होतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला माणसं तलाठ्याकडे किती खेटे घालतात, तू स्वतः बघितलंयस. एक नाव राहिलं तर काय होतं तेही बघितलंयस.

परवा ट्रेनने पुण्याला परत येताना दौंडनंतर केडगाव लागलं, आपल्या नगरजवळचं नाही, पंडिता रमाबाईंचं. मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींसाठीचा त्यांचा आश्रम. खिडकीतून बघत बसले. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं शास्त्र साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून, आणि तिथल्याच बायका-मुलींनी छपाईचे खिळे जुळवून छापलं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, शेवटची प्रुफं तपासून झाली होती, छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये. मला एवढंच वाटत होतं की हे नऊ अध्यायही त्यांनी एकेक नाव करत मराठीत लिहिले असतील, आणि कुठल्या तरी मुलीने एकेक खिळा उचलून लावला असेल.

म्हणून मी ठरवलंय ते असं. उद्या १५ जून, शाळा सुरू व्हायचा दिवस. उद्यापासून मी रोज सकाळी पाच वाजता एक अध्याय वाचून फोनवर रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार. नळाला पाणी यायच्या आधी घर शांत असतं, मागे कुकरची शिट्टी आली तर चालवून घ्या. मी स्वतः स्तोत्रांत पोचलेय, बावन्नाव्या, देवाच्या घरातल्या हिरव्या जैतुनापाशी. माझी खूण तिथेच ठेवते आणि बाबांबरोबर मागे येते. चौथ्या अध्यायापासून शेवटापर्यंत आठशे अठ्ठेचाळीस अध्याय राहिलेत, मी मोजले, रोज एक धरला तर दोन वर्षं चार महिने. मला ते पूर्ण करायचंय बाबा. तुमच्याबरोबर. आई, तुझी स्तोत्रं ३० ऑक्टोबरला सुरू होतील, तेवढा दम धर, आणि नाताळच्या दिवशी सत्तावन्नावं येतंय, दावीद गुहेत लपलेला असताना पहाटेला जागं करीन म्हणतो ते. तोपर्यंत रात्री तू त्यांना तुझ्या आवडीचं काहीही वाच, सकाळ माझी.

आई, निळ्या बाणावर दाबलं की आवाज सुरू होतो. फोन कानाला लावायची गरज नाही, मोठ्याने वाजतो, चहाच्या वेळी टेबलावर ठेव. आणि पेन्सिल बाबांच्या हातात दे, तारीख त्यांनाच घालू दे, वाकडी आली तरी चालेल, समास मोठा आहे. पट्टी रोज पुढे सरकव.

आज सकाळी एकदा वाचून बघितला चौथा अध्याय. तिसऱ्या वचनात त्या भावांच्या बहिणीचं जे लांबलचक नाव आहे तिथे तीनदा अडखळले. बाबा, ते कसं म्हणायचं तेवढं आज रात्री फोनवर सांगा.

तुमची लेक