फ्रीकॅडची नवी आवृत्ती लघुउद्योगांनी आणि आयटीआयने दखल घ्यावी अशी

महोदय,

संगणकावर आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तिच्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेची आणि क्लाउडची चर्चा होते. रोज आठ तास त्या सॉफ्टवेअरसमोर बसणाऱ्या ड्राफ्ट्समनला ज्याचा खरा उपयोग होणार आहे, ते बहुधा चर्चेतून निसटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रीकॅड या मुक्त सॉफ्टवेअरची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. भोसरी, चाकण, शिवणे, धायरी या भागांत जिग-फिक्श्चर (काम चालू असताना भाग पक्का धरणारी साधने), प्रेसटूल (पत्रा कापण्या-वाकवण्याचे साचे) आणि स्पेशल पर्पज मशीन (एका ठरावीक कामासाठीचे यंत्र) यांचे आराखडे करून देणारी असंख्य छोटी कार्यालये आहेत आणि त्यांच्या दृष्टीने या आवृत्तीतील दोन बदल अतिशय महत्त्वाचे आहेत. मी याच व्यवसायात असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

फ्रीकॅडची सुरुवात २००२ सालची. युर्गेन रीगेल आणि वेर्नर मायर यांनी ते सुरू केले आणि पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी ते वाढवले. मात्र इतकी वर्षे त्याच्या आवृत्त्यांचे क्रमांक ०.१८, ०.१९, ०.२०, ०.२१ असे शून्यानेच सुरू होत राहिले. एक जुने दुखणे दूर झाल्याशिवाय आणि सुटे भाग जोडून पूर्ण यंत्र उभे करण्याची अंगभूत सोय झाल्याशिवाय १.० हा आकडा लावायचा नाही, असे या मंडळींनी ठरवलेले होते. आपले सॉफ्टवेअर प्रत्यक्ष कामाला पुरेसे भरवशाचे झाले आहे की नाही, याचा निर्णय त्यांनी विक्रीच्या वेळापत्रकावर सोडला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

ते जुने दुखणे काय होते, हे एका साध्या ब्रॅकेटवरून सांगतो. आधी बेसचे स्केच काढायचे, त्याला जाडी द्यायची, वरच्या पृष्ठभागावर दुसरे स्केच घेऊन त्यात बोल्टची चार होल पाडायची आणि शेवटी बाहेरच्या कडेला ३ मिमीचा फिलेट, म्हणजे गोलाई, द्यायचा, हा नेहमीचा क्रम. सॉफ्टवेअर मात्र आतल्या आत प्रत्येक पृष्ठभागाला आणि प्रत्येक कडेला एक क्रमांक देत असते आणि फिलेट ‘कड क्रमांक १२’ वर आहे, होलचे स्केच ‘पृष्ठ क्रमांक ६’ वर बसले आहे, अशी नोंद ठेवते. दोन दिवसांनी ग्राहकाचा फोन येतो की बेसमध्ये एक स्लॉट हवा आहे. तो स्लॉट सुरुवातीच्या स्केचमध्ये काढला की सगळे क्रमांक नव्याने पडतात. आळीतल्या घरांचे क्रमांक रातोरात बदलले तर पोस्टमन पत्रे जशी भलत्याच दारात टाकेल, तसा तो फिलेट स्लॉटच्या कडेवर जाऊन बसतो, होल दुसऱ्याच बाजूला जातात किंवा डावीकडच्या यादीत लाल खुणा दिसू लागतात आणि पुढचे काहीच तयार होत नाही. ब्रॅकेट असेल तर अर्ध्या तासात दुरुस्ती होते. गिअरबॉक्सच्या हाउसिंगसारखा भाग असेल तर सरळ नव्याने काढणे परवडते. फ्रीकॅड फुकट असूनही वर्कशॉपमध्ये टिकत नसे, याचे मुख्य कारण हेच होते. रेव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगमधील फेरबदल, हा आमच्या धंद्याचा रोजचा भाग आहे. पहिल्याच ड्रॉइंगवर शिक्कामोर्तब झालेला जॉब विरळाच.

नव्या आवृत्तीत प्रत्येक पृष्ठभाग आणि कड कोणत्या स्केचच्या कोणत्या रेषेतून, कोणत्या कृतीमुळे निर्माण झाली, याचा वंशवृक्षच जणू ठेवला जातो आणि त्यावरून ती ओळखली जाते. त्यामुळे मधे काही घातले वा काढले तरी फिलेट बहुतेक वेळा आपल्या जागी राहतो. या पद्धतीचा पाया रिअलथंडर या टोपणनावाने काम करणाऱ्या एका विकासकाने आधी आपल्या स्वतंत्र शाखेत घातला आणि मग अनेकांनी मिळून तो मूळ प्रकल्पात आणला. हा दोष समूळ गेला, असे खुद्द फ्रीकॅडवालेही म्हणत नाहीत. तो बराच सौम्य झाला, असे ते म्हणतात आणि माझा अनुभवही तसाच आहे. म्हणून स्केच शक्यतो तयार पृष्ठभागाऐवजी संदर्भ-प्रतलावर बांधावे आणि फिलेट आणि चॅम्फर (तिरकी कापलेली कड) सर्वांत शेवटी द्यावेत, ही जुनी शिस्त सोडू नये. ती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उपयोगीच पडते.

दुसरा बदल असेंब्लीचा. पूर्वी सुटे भाग जोडण्यासाठी तीन-चार वेगवेगळ्या पूरक जोडण्या (वेगळी बसवावी लागणारी ॲड-ऑन) होत्या आणि एकीत केलेले काम दुसरीत चालत नसे. आता असेंब्लीचा विभाग मूळ सॉफ्टवेअरमध्येच आला आहे. फिक्श्चरची बेसप्लेट स्थिर ठेवायची, लोकेटर (भाग नेमक्या जागी बसवणारे खुंट) तिला पक्के जोडायचे आणि क्लॅम्पच्या लिव्हरला फिरता जोड द्यायचा. मग लिव्हर माउसने ओढून पाहिला की जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचे तो भाग, आत-बाहेर काढताना तो कुठे आडवा येतो ते पडद्यावरच कळते. सरकता जोड, गिअर, रॅक-पिनिअन, स्क्रू आणि बेल्ट यांचेही जोड त्यात आहेत. सर्व भागांची यादी म्हणजे बीओएम आणि भाग सुटे करून दाखवणारे दृश्य हेही तिथेच तयार होते. वायरकट (तारेने धातू कापणे) आणि हार्डनिंग (पोलाद कडक करणे) झाल्यावर लिव्हर अडतो हे लक्षात येणे म्हणजे काय, हे टूलरूममध्ये काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

याशिवाय स्केचमध्ये मापे देण्याचे एकच समजूतदार साधन आले आहे, इमारतींच्या आराखड्यांचा विभाग एकत्र केला आहे आणि मटेरिअलची माहिती ठेवण्याची पद्धत सुधारली आहे. कागदी ड्रॉइंग काढण्याचा विभाग आधीपासून चांगला आहे. आपल्याकडे प्रचलित असलेली दृश्ये मांडण्याची फर्स्ट अँगल पद्धत त्यात निवडता येते आणि शीटचा साचा साध्या एसव्हीजी फाईलमध्ये असल्यामुळे टायटल ब्लॉक हवा तसा, अगदी मराठीतसुद्धा, करून घेता येतो.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाईल थेट उघडत नाही, त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर बसवावा लागतो. शीटमेटलचे काम पूरक जोडणी घेऊन करावे लागते. शेकडो भागांचे यंत्र असेल तर संगणक मंदावतो. आणि वाहनउद्योगातील मोठा ग्राहक जर कॅटिया किंवा एनएक्स या महागड्या सॉफ्टवेअरमधील मूळ फाईलच मागत असेल, तर त्या व्हेंडरची फ्रीकॅडवर सुटका नाही. परंतु भोसरीतल्या कितीतरी जॉबवर्कमध्ये ग्राहकाला स्टेप फाईल (कोणत्याही कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी त्रिमितीय फाईल) आणि सही केलेली पीडीएफ एवढेच हवे असते आणि ते फ्रीकॅडमधून व्यवस्थित देता येते.

आता खर्चाकडे आणि कायद्याकडे वळतो. ऑटोकॅडचे नवे कायमस्वरूपी परवाने २०१६ पासून मिळत नाहीत, वर्गणी भरत राहावी लागते आणि या क्षेत्रातील इतर अनेक सॉफ्टवेअरचीही हीच दिशा आहे. कंपन्यांनी आपल्या मालाची किंमत कशी घ्यावी हा त्यांचा अधिकार आहे, याविषयी माझी तक्रार नाही. मात्र दोन-तीन माणसांच्या कार्यालयाला ती वर्गणी झेपत नाही आणि मग सर्रास ‘क्रॅक’ केलेली प्रत बसवली जाते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कारावास टाळू शकते, पण आमचा वापर व्यापारासाठीच असतो. शिवाय कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या त्या प्रतीबरोबर संगणकात आणखी काय शिरते आणि ग्राहकाची गोपनीय ड्रॉइंग कुठे जातात, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. फ्रीकॅड हवे तितक्या संगणकांवर बसवण्याची आणि त्यावर व्यवसाय करण्याची कायदेशीर मुभा आहे. इतके दिवस ‘पण ते चालत नाही’ हे उत्तर खरे होते. आता ते तितकेसे खरे राहिलेले नाही.

याची सुरुवात शिक्षणातून व्हायला हवी, हे माझे मुख्य सांगणे आहे. औंधच्या शासकीय आयटीआयसारख्या संस्थांतून आणि शहरातील तंत्रनिकेतनांतून दरवर्षी मुले बाहेर पडतात. ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा ट्रेड दोन वर्षांचा आहे. त्यातला जो विद्यार्थी घरी सराव करू इच्छितो, त्याच्यासमोर बेकायदा प्रत वापरणे किंवा सराव न करणे एवढेच पर्याय ठेवणे योग्य नाही. विद्यार्थ्यांसाठी कंपन्या सवलतीच्या किंवा मोफत प्रती देतात, हे खरे. पण शिक्षण संपले की ती सवलतही संपते आणि स्वतःचे छोटेसे काम सुरू करू पाहणारा मुलगा पुन्हा तिथेच येऊन थांबतो. सध्या शिकवले जाणारे सॉफ्टवेअर बंद करावे, असे मी म्हणत नाही, कारण नोकरीच्या जाहिरातीत त्याचेच नाव असते. त्याच्या जोडीला फ्रीकॅडवर नियमित प्रात्यक्षिके व्हावीत. प्रोजेक्शन, सेक्शन, टॉलरन्स आणि मापे देण्याची भारतीय मानके सॉफ्टवेअर बदलल्याने बदलत नाहीत. उलट दोन साधनांवर काम केलेल्या मुलाला बटण कुठे आहे यापेक्षा ड्रॉइंग काय सांगते आहे हे लवकर समजते.

यासाठी लागणारे पाठबळही काही प्रमाणात उपलब्ध आहे. केंद्र सरकारने २०१५ साली शासकीय कामकाजात मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. केरळने सरकारी शाळांमधील संगणक शिक्षण मोठ्या प्रमाणावर मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल उपक्रमात अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठी निवेदनासह मिळतात. उणीव आहे ती वर्कशॉपच्या भाषेत, फिक्श्चर आणि प्रेसटूलची उदाहरणे घेऊन फ्रीकॅड शिकवणाऱ्या मराठी साहित्याची. १९३४ पासून पुण्याच्या उद्योगांसाठी काम करणाऱ्या मराठा चेंबरने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एकत्र येऊन हे काम हाती घेतल्यास लघुउद्योगांचा मोठा फायदा होईल. ज्यांना परवडेल त्या उद्योजकांनी फ्रीकॅडला देणगीही द्यावी. वर्गणीच्या वाचलेल्या रकमेतला छोटासा भागसुद्धा त्या स्वयंसेवकांच्या कामी येईल.

ज्या वर्कशॉपना लगेच सुरुवात करायची असेल त्यांनी चालू जॉब घेऊ नये. पूर्ण होऊन गेलेला एखादा लहान फिक्श्चर निवडावा, त्याचे सर्व भाग नव्याने काढावेत, मग जुन्या रेव्हिजन क्रमाने करून मॉडेल कुठे मोडते ते पाहावे आणि त्यानंतरच निर्णय घ्यावा. आधीच्या आवृत्तीत केलेल्या फाईल उघडण्यापूर्वी त्यांची प्रत वेगळी ठेवावी. नव्या आवृत्तीत साठवलेली फाईल ०.२१ मध्ये नीट उघडेलच असे नाही, तेव्हा कार्यालयातील सर्व संगणकांवर नवी आवृत्ती एकाच दिवशी बसवणे श्रेयस्कर.

आपला नम्र,
एक यंत्र-आरेखक, भोसरी, पुणे